वाचून ठेवलेलं नाव

बंगळूरहून पाटण्याकडे जाणारी संघमित्रा एक्स्प्रेस बल्लारशा मागे टाकून नागपूर गाठते, तेव्हा वाटेत बुटीबोरी लागतं. गाडी तिथे थांबत नाही. फलाटावर उभ्या असलेल्याला डब्यावरची पाटी धड वाचताही येत नाही, एवढ्यात शेवटचा डबा निघून गेलेला असतो. पाटणा म्हणजे जुनं पाटलिपुत्र, तेव्हा तिकडे जाणाऱ्या गाडीला अशोकाच्या लेकीचं नाव शोभतंच. पण गाडी न थांबता निघून जाते आणि नाव मात्र या पट्ट्यात कधीचं मुक्कामाला आलेलं आहे. नागपूर, वर्धा, चंद्रपूरच्या शाळांच्या हजेरीपटांत, अंगणवाडीच्या रजिस्टरात, एमआयडीसीतल्या ओळखपत्रावर संघमित्रा भेटते. सुजाता किंवा प्रज्ञा भेटते तितकी नाही. वर्गात एखादी, कधी तीही नाही. नाव लांब, जोडाक्षराचं, हाक मारायला अवघड. घरात त्याचं ‘मित्रा’ नाहीतर ‘मिता’ होतं आणि पूर्ण नाव दाखल्यापुरतं उरतं. तरीही हे नाव इथे आलं कसं आणि टिकलं का, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. कारण आपल्याकडे मुलींची नावं बहुतेक करून ऐकून ठेवली जातात. आजीचं नातीला, देवीचं लेकीला, सिनेमातल्या नटीचं शेजारच्या बाळाला. संघमित्रा हे नाव असं ऐकत आलेलं नाही. ते वाचून ठेवलेलं नाव आहे. माझं म्हणणं इतकंच आहे, पण ते सिद्ध करायला थोडं मागे जावं लागेल.

आधी शब्दच पाहू. ‘संघाची मैत्रीण’ असा अर्थ सर्रास सांगतात. तो चुकीचा नाही, पण समास बहुव्रीही धरला तर अर्थ उलटा होतो आणि जास्त रुचतो: संघ हाच जिचा मित्र आहे, ती. पहिल्या अर्थात ती संघाला सोबत करते, दुसऱ्यात संघ तिला. पालीत रूप ‘संघमित्ता’. आपण घेतलं ते संस्कृत वळणाचं. नागपुरात या नावातल्या पहिल्या शब्दाची वेगळीच गंमत होते. इथे नुसतं ‘संघ’ म्हटलं की ऐकणारा रेशीमबागेकडे बघतो. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाची स्थापना १९२५च्या विजयादशमीची, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तीही १४ ऑक्टोबर १९५६च्या विजयादशमीला, याच शहरात. एकाच सणाला, एकाच शहरात, एकच शब्द दोन अर्थांनी उच्चारला जातो. शिवाय दूध संघ आहे, खरेदी-विक्री संघ आहे, बुटीबोरीच्या कारखान्यांच्या फाटकांवर फलक लावणारे कामगार संघ आहेत. एवढ्या गर्दीत ‘मित्रा’ जोडल्याबरोबर अर्थ निमूटपणे एका जागी येऊन बसतो. त्रिशरणातलं तिसरं शरण ज्या संघाचं, तोच हा.

ही घडण महाराष्ट्राला परकी नव्हती. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाच्या मुलीनं एक खोली दान दिल्याचा लेख आहे. उषवदाताच्या या बायकोचं नाव दक्षमित्रा, लेखात ‘दखमित्रा’. कुड्याच्या, कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्या भिक्षुणींची नावं कोरलेली आहेत, आणि विदर्भात भंडारा जिल्ह्यातल्या पवनीला उत्खननात स्तूप निघाले, तेही दात्यांच्या लेखांसह. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी बाईनं स्वतःच्या नावानं दान द्यावं आणि ते दगडात कोरून घ्यावं, ही रीत होती आणि ‘मित्रा’नं संपणारी नावं चालत होती. मग ती दिसेनाशी होतात. तेराव्या शतकातल्या लीळाचरित्रात बाया पुष्कळ भेटतात, पण त्या बाइसा, महदाइसा, आबाइसा, उमाइसा. पुढे मुक्ताई, जनाबाई, सोयराबाई, बहिणाबाई. मराठी बाईचं नाव ‘आई’ आणि ‘बाई’च्या उंबऱ्यात येऊन स्थिरावलं. दक्षमित्रेपासून बुटीबोरीच्या संघमित्रापर्यंत कोणी सलग दोरा ओवू पाहील तर तो तुटतो. मधल्या शतकांत हे नाव कोणा पणजीनं पदराखाली जपून ठेवलं होतं, असं म्हणायला काही पुरावा नाही. नाव परत आलं ते दुसऱ्या वाटेनं.

ती वाट कुठून फुटते, हे विदर्भातल्याच बायांच्या नावांवरून दिसतं. जाईबाई चौधरी मूळच्या उमरेडच्या. बुटीबोरीहून उमरेडला रेल्वेचा फाटा जातो, इतकं ते जवळ. त्यांनी नागपुरात मुलींसाठी चोखामेळ्याच्या नावानं शाळा काढली. राधाबाई कांबळे गिरणीत राबल्या आणि गिरणी कामगारांच्या पुढारी झाल्या. जुलै १९४२मध्ये नागपुरात दलित महिलांची जी मोठी परिषद भरली, तिच्या अध्यक्ष होत्या सुलोचनाबाई डोंगरे. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या ‘आम्हीही इतिहास घडवला’ या पुस्तकामुळे या बायांची ओळख पुढच्यांना झाली. पण इथे आपल्याला नावंच पाहायची आहेत: जाई, राधा, सुलोचना. फुलाचं, कृष्णाच्या सखीचं, सुंदर डोळ्यांचं. आंबेडकरी चळवळीतल्या धडाडीच्या बायासुद्धा जन्मल्या त्या या नावांनी. खुद्द बाबासाहेबांच्या मुलीचं नाव इंदू होतं, मुलांची यशवंत, गंगाधर, रमेश, राजरत्न. आणि ही तरी बरी नावं. त्या काळी रोजगाराला जाणाऱ्या बायांच्या रांगेत सोमी, बुधी, सुकरी असायच्या, वारावरून ठेवलेल्या. धोंडी आणि दगडी असायच्या, मूल जगावं म्हणून मुद्दाम वाईट ठेवलेल्या. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात चार वर्णांची नावं कशी असावीत ते सांगितलं आहे, आणि शूद्राचं नाव तिरस्कार सुचवणारं असावं असा त्यात दंडक आहे. महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी ते पुस्तक जाळलं गेलं. पण पुस्तक जळतं एका संध्याकाळी, आणि नाव बदलायला पाळण्यात नवं मूल यावं लागतं.

त्याच अध्यायात दोन श्लोक पुढे स्त्रियांच्या नावांचा नियम आहे: म्हणायला सोपं, कानाला कठोर न लागणारं, अर्थ स्पष्ट, मनोहर, मंगल, शेवटी दीर्घ स्वर. संघमित्रा या मापात बसवून पाहावं. शेवटी दीर्घ स्वर आहे. अर्थ स्पष्ट आहे. मंगल म्हणावं तर आहे. पण सोपं? ‘घ’ला घशातून हवा लागते, ‘त्र’ला जीभ अडखळते. मनूची अर्धी परीक्षा पास आणि अर्धी नापास असं हे नाव आहे, आणि मला वाटतं नापास झालेला अर्धा भागच त्याचं बळ आहे. म्हणायला सोपं म्हणजे हाक मारायला सोपं, आणि हाक मारायला सोपं नाव बहुतेक वेळा पाणी आण, चूल पेटव म्हणायला सोयीचं असतं. ‘संघमित्रा’ म्हणताना हाक मारणाऱ्याला क्षणभर थांबून चार अक्षरं नीट लावावी लागतात. मराठी व्याकरणही या नावापुढे दोन तऱ्हांनी वागतं, हे कान देऊन ऐकण्यासारखं आहे. इतिहासातली असेल तर आपण ‘संघमित्रेनं फांदी नेली’ म्हणतो, आणि शेजारची असेल तर ‘संघमित्रानं फॉर्म भरला’. सीतेची, सुजाताची हीच कथा आहे. पुस्तकातल्या बाईचं नाव विभक्तीपुढे वाकतं, जिवंत बाईचं नाव आता वाकत नाही.

ही फांदी काय, तेही सांगितलं पाहिजे, कारण नाव तिच्यावरच उभं आहे. महावंस हा सिंहली परंपरेचा पाली ग्रंथ सांगतो तो असा: अशोकाची मुलगी संघमित्ता, महिंदाची धाकटी बहीण. लग्न झालेलं, सुमन नावाचा मुलगा. वयाच्या अठराव्या वर्षी ती भिक्षुणी झाली. महिंद लंकेत गेला, राजा देवानंपिय तिस्सानं धम्म स्वीकारला, तेव्हा राजघराण्यातल्या अनुलेनं आणि तिच्या सोबतच्या बायकांनीही प्रव्रज्या मागितली. भिक्षूला स्त्रियांना दीक्षा देण्याचा अधिकार नव्हता. भिक्षुणीच हवी होती. म्हणून संघमित्रेला बोलावणं गेलं, आणि ती बोधिवृक्षाची फांदी घेऊन गंगेतून ताम्रलिप्तीला व तिथून समुद्रानं लंकेला गेली. अनुराधपुरात ती फांदी लावली, तिचा वृक्ष आजही आहे, आणि लावल्याची नोंद असलेलं जगातलं सर्वांत जुनं झाड म्हणून तो ओळखला जातो. श्रीलंकेत डिसेंबरातली उंदुवप पौर्णिमा तिच्या नावानं पाळतात. या कथेतलं कळीचं वाक्य मला बोलावण्याचं वाटतं. विदर्भाला कीर्तिवंत लेकी काही नव्या नाहीत: लोपामुद्रा, दमयंती, रुक्मिणी, रघुवंशातली इंदुमती, कालिदासाची मालविका, सगळ्या परंपरेनं इथल्याच. पण त्या बहुतेक सगळ्या इथून निघाल्या त्या कोणाच्या तरी होऊन. कोणी स्वयंवरातून, कोणी रथातून. संघमित्रेचं जाणं या माळेत बसत नाही. तिला बोलावलं ते जे काम पुरुषाला करता येत नव्हतं त्यासाठी. लेकीचं नाव शोधणाऱ्या बापाला हा फरक कळत असेल की नसेल? वाचलं असेल तर नक्की कळला असेल.

आणि वाचायची सोय इथेच झाली, हा माझ्या म्हणण्यातला मुख्य पुरावा. महावंस हिंदीत आणला तो भदन्त आनंद कौसल्यायन यांनी. जन्म पंजाबातला, अध्ययन-अध्यापन बरंचसं लंकेतलं, आणि आयुष्याची मोठी वर्षं या रस्त्यावरची: आधी वर्ध्याची राष्ट्रभाषा प्रचार समिती, पुढे उतारवयात नागपूर. बुटीबोरी या दोन गावांच्या वाटेवर. बाबासाहेबांचा ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ त्यांच्या निधनानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला, त्याचाही हिंदी अनुवाद याच भदन्तांचा. दीक्षाभूमीवर जो बोधिवृक्ष आहे, तो अनुराधपुरच्या वृक्षाच्या फांद्यांपासून वाढवलेला, आणि त्या फांद्या इथवर आणल्या त्याही त्यांनीच. संघमित्रेनं नेलेल्या फांदीची फांदी नागपुरात परत आली आणि जिच्यामुळे हे घडलं तिची कथाही त्याच हातांनी आपल्या लिपीत आली. दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला वर्धा-चंद्रपूरकडून येणारे जथे बुटीबोरीवरूनच पुढे सरकतात. चंद्रपूरलाही बाबासाहेबांनी १६ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षा दिली होती, म्हणजे गाव दोन दीक्षास्थळांच्या मधल्या रस्त्यावर आहे. त्या गर्दीतून परतणाऱ्यांच्या हातात काय असतं ते पाहावं. जत्रेतून माणूस खेळणी, बांगड्या, मिठाई घेऊन येतो. इथून पुस्तकं नेली जातात, आणि त्यांत बौद्ध नावांच्या पातळ पुस्तिकाही असतात. बाबासाहेबांनी आधीच वळण घालून दिलं होतं: घराला राजगृह, मुंबईच्या महाविद्यालयाला सिद्धार्थ, औरंगाबादच्या महाविद्यालयाला मिलिंद. नाव ग्रंथातून घ्यायचं असतं, हे लोकांनी इमारतींवरून शिकून घेतलं आणि पाळण्यापर्यंत नेलं.

यावर पहिला आक्षेप असा येईल की बौद्ध नावं दीक्षेआधीही होती आणि दीक्षेबाहेरही आहेत. खरं आहे. सुजाता हे नाव घराघरांत पोचलं त्यात १९५९च्या बिमल रॉय यांच्या सिनेमाचा हात असणार. आम्रपालीलाही १९६६ साली पडदा मिळाला. म्हणूनच तपासायला ही नावं उपयोगी नाहीत, संघमित्रा आहे. तिला तसा गाजलेला सिनेमा लाभला नाही. बंगाल-ओडिशात हे नाव आपल्यापेक्षा अधिक आढळतं आणि तिथे त्याचा धर्मांतराशी संबंध नाही, हेही मान्य. पण तिथेही ते आजीकडून आलेलं नाही. इतिहासाच्या आणि बौद्ध साहित्याच्या नव्या वाचनातूनच आलं असलं पाहिजे. फरक वाचणारा कोण याचा आहे. तिथे ग्रंथ आधीपासून घरात असलेल्या माणसांनी ते उचललं. इथे ज्यांच्या आजोबांना पाटीला हात लावू दिला नव्हता त्यांनी. दलित घरातल्या कुमुद पावडे यांनी नागपुरात संस्कृत शिकून त्याच भाषेत पदवी मिळवली, तेव्हा लोकांना काय काय वाटलं ते त्यांच्या ‘अंतःस्फोट’ या पुस्तकात आहे. जोडाक्षरांचं संस्कृत नाव मुलीला ठेवणं हा त्याच आडदांडपणाचा छोटा, घरगुती प्रकार.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे आणि तो आतूनच येतो. जात टाकायला म्हणून नावं बदलली, आणि आता नाव ऐकूनच जात ओळखतात. मग मिळवलं काय? आडनाव विचारण्याचीही तसदी उरली नाही. हा आक्षेप घेऊन हल्ली अनेक तरुण आईबाप मुलीला कुठल्याच बाजूचं न वाटणारं दोन अक्षरी नाव ठेवतात, आणि त्यांना दोष देणं मला जमणार नाही. भाड्याची खोली शोधताना ज्यांना ‘कळवतो’ ऐकावं लागतं त्यांना तत्त्वज्ञान सांगू नये. पण युक्तिवाद म्हणून तो टिकत नाही. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या पहिल्या महिला संचालक संघमित्रा बंद्योपाध्याय. त्यांचं पहिलं नाव ऐकून कोलकात्यात कोणी जातीचा अंदाज बांधत नाही. २०१९ साली बदायूंमधून लोकसभेवर गेलेल्या संघमित्रा मौर्य यांचं नाव ऐकून उत्तर प्रदेशात बांधतात. नाव तेच, अक्षरं तीच. तेव्हा शिक्का नावात नाही, ऐकणाऱ्याच्या कानात आहे. आणि शिक्क्या-शिक्क्यांतही फरक असतो. धोंडी हे नाव दुसऱ्यानं ठरवलेल्या किमतीचं होतं. संघमित्रा ऐकून कोणी नाक मुरडलं तरी त्या नावाचा अर्थ शब्दकोशात काढून दाखवता येतो, आणि मुरडणाऱ्याला तो खोडता येत नाही.

इतिहासकार म्हणतील, ही बाई खरोखर झाली का? अशोकाच्या शिलालेखांत तिचा उल्लेख नाही, महिंदाचाही नाही. महावंस लिहिला गेला तो अशोकानंतर सातआठशे वर्षांनी. लेखांत नावानिशी येते ती एकच राणी, तीवराची आई कारुवाकी. शंका रास्त आहे. पण खात्रीचा पुरावा हाच नावाचा निकष असता तर विदर्भात आज कारुवाकी असत्या, आणि तशी एकही सापडणं कठीण. नाव ठेवणारा इतिहासाचा दाखला मागत नाही. मुलीला सांगायला गोष्ट मिळते का ते पाहतो. या बाजूनं मला खटकतं ते वेगळंच. भिक्षुणीचं नाव ठेवायचं, आणि अठरावं संपलं की तिच्या लग्नाची घाई करायची, ही विसंगती आपल्याकडे सर्रास आहे. मुक्ताई, मीरा यांच्या नावांबाबतही आपण तेच करत आलो. त्यातून महाराष्ट्रात लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवऱ्यानं बायकोचं नवं नाव लिहायची चाल. बाबासाहेबांशी १९४८ साली लग्न झालं तेव्हा शारदा कबीर सविता झाल्या, म्हणजे ही चाल किती खोल गेलेली होती ते कळतं. आता ती बरीच ओसरली आहे. साताऱ्यात २०११ साली प्रशासनानं समारंभ करून ‘नकुशी’ नावाच्या मुलींना नवी नावं घ्यायला लावली, तेव्हा काहींनी सिनेतारकांची घेतली. त्यांची आवड त्यांची. पण नको असलेलं नाव टाकणं आणि हवं ते नाव ग्रंथातून शोधून काढणं यांत मेहनतीचा फरक आहे, आणि नागपूरकडच्या लोकांनी ही मेहनत कोणत्याही सरकारी समारंभाविना, घरोघरी, एकेका पाळण्याशी केली.

गावाच्या नावाकडेही एकदा बघावं. बोऱ्या-बोरगाव महाराष्ट्रात ढिगानं; ही बोरी ओळखू यावी म्हणून तिच्यापुढे नागपूरच्या धनाढ्य बुटी घराण्याचं नाव लागलं, असं सांगतात. शिर्डीत ज्या वाड्यात साईबाबांची समाधी आहे तो बुटी वाडाही त्याच घराण्यातल्या गोपाळराव बुटींचा. गावाची खूण मालकावरून, तशी आपल्याकडे बाईची खूणही मधल्या नावावरून: आधी बाप, मग नवरा. तिचं म्हणता येईल असं पहिलंच नाव, आणि तेच दुबळं ठेवायची रीत. १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांवर महाराष्ट्रात मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम ठरला आहे. बुटीबोरीत आता जन्मणाऱ्या एखाद्या बाळाच्या दाखल्यावर दुसऱ्या जागी संघमित्रा असेल, आणि खिडकीमागचा कारकून मान वर न करता विचारेल, इंग्रजीत ‘घ’नंतर ‘ए’ लावायचा की नाही. आईच्या आधारकार्डावर लावलेला असतो, दहावीच्या सनदेवर नसतो.